हलतं ते जंगम? नेहमीच नाही

लालबागच्या मंडपात वीस-बावीस फुटांची गणेशमूर्ती अशी ठाण मांडून बसते की ती तिथून हलेल यावर विश्वास बसू नये. तरी पूजाविधीच्या दृष्टीने ती चल मूर्ती. देवळाच्या गाभाऱ्यात स्थापलेली वीतभर उंचीची पाषाणमूर्ती मात्र अचल. इथे वजन-उंचीला काही किंमत नाही. बसवताना कायमची बसवायची असा संकल्प होता का, हे महत्त्वाचं. म्हणूनच उत्तरपूजा झाली की अक्षता वाहून मूर्ती जागेवरून किंचित सरकवतात. निरोप तेव्हाच झालेला असतो, चौपाटीपर्यंतची मिरवणूक त्यानंतरची.

थक्क व्हायला होतं ते पुढे. मालमत्तेचा कायदा घडवणारी माणसं वेगळी, काळ वेगळा, आणि तरी न्यायालयं जवळपास याच कसोटीपाशी पोचली.

१८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात 'स्थावर म्हणजे काय' याची सरळ व्याख्याच नाही. तोडायचं इमारती लाकूड, शेतातलं उभं पीक आणि गवत हे स्थावर नव्हे, एवढंच तो सांगतो. मुळं जमिनीत असूनही जंगम! मग सागाच्या झाडाचं काय? १९५८च्या शांताबाई खटल्यात न्यायमूर्ती विवियन बोस यांनी याचा फार सुंदर उलगडा केला. झाड जमिनीतून रस ओढत पुढेही वाढत राहायचं असेल तर ते स्थावर. लवकरच तोडायचं म्हणून विकलं असेल तर ते लाकूड, म्हणजे जंगम. झाड तेच, माती तीच. बदलला तो माणसाचा इरादा.

यंत्रांचंही असंच. काँक्रीटच्या पायावर जखडलेलं कागदगिरणीचं अवजड यंत्र सर्वोच्च न्यायालयाने १९९७मध्ये जंगम ठरवलं. कारण ते जखडलं होतं चालताना थरथरू नये म्हणून, जमिनीचा भाग व्हावं म्हणून नव्हे.

आणि मुंबईच्या तेलाच्या टाक्यांची गोष्ट याच्या नेमकी उलट. इंडियन ऑइलच्या प्रचंड टाक्या नटबोल्टविना, निव्वळ स्वतःच्या भाराने जमिनीवर उभ्या होत्या. महापालिकेने मालमत्ता कर मागितला. कंपनी म्हणाली, या जमिनीला जोडलेल्याच नाहीत. उच्च न्यायालयाला ते पटलं, सर्वोच्च न्यायालयाला पटलं नाही. १९९१च्या निकालसंग्रहांत हा निवाडा आहे आणि त्यातला प्रश्न मला फार आवडतो: वस्तू आहे तशी उचलून दुसरीकडे नेता येते, की आधी सुटी करून तिकडे पुन्हा उभारावी लागते? आहे तशी नेता आली तर जंगम; मोडून उभारावी लागली तर स्थावर. टाक्या मोडल्याशिवाय हलणार नव्हत्या, आणि उभारल्यापासून हलल्याही नव्हत्या. जखडलेलं यंत्र जंगम, मोकळी टाकी स्थावर!

पण खरं नवल गिरगाव-परळच्या चाळींत आहे. तिथे दहा बाय बाराच्या खोलीत तीन-तीन पिढ्या पाय रोवून राहिल्या. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने त्यांना मालकाच्या मर्जीपासून वाचवलं, पागडीचा, म्हणजे खोलीसाठी भाड्याशिवाय वेगळी एकरकमी रक्कम देण्याचा, व्यवहार अनेक दशकं कायद्याच्या नजरेआड चालला, आणि १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने त्याला मान्यता दिली. आता समजा ती चाळच जमीनदोस्त झाली. भिंती गेल्या, जिना गेला, सामान संक्रमण शिबिरात हललं. मग भाडेकरूच्या हातात काय उरलं?

महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात, शहा रतनसी खिमजी प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने २०१४मध्ये याचं उत्तर दिलं. इमारत भाड्याने देताना तिच्याखालची जमीनही त्यात येते. त्यामुळे नुसती इमारत पाडल्याने भाडेकरार संपत नाही. डोळ्यांना दिसणारं, सिमेंट-विटांचं सगळं नाहीसं होतं आणि जो हक्क हाताला लागत नाही तो जागेवर राहतो. स्थावर या कल्पनेची एवढी मोठी झेप मला दुसरीकडे कुठे दिसलेली नाही.

म्हणून जुन्या चाळीत, पागडीच्या खोलीत राहणाऱ्यांनो, इमारत रिकामी करायची वेळ आली तर भांडी-कपाटांच्या आधी भाडेपावत्या, करारपत्र आणि वीजबिलं नीट बांधून घ्या. हक्क सांगताना आधी तेच कागद मागितले जातात.