अमोनियाचा ढग वर जात नाही तेव्हा

३ जून २०२१च्या रात्री बदलापूरच्या औद्योगिक वसाहतीतून वायू पसरला. आसपासच्या लोकांचे डोळे चुरचुरले, श्वास कोंडला. तो अमोनिया नव्हता; पण बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर या कारखान्यांना खेटून वसलेल्या पट्ट्यात अमोनियाचा स्वभावही ठाऊक असायलाच हवा. बर्फाच्या कारखान्यांत आणि शीतगृहांत तो असतो.

निर्जल अमोनिया उणे ३३ अंश सेल्सिअसला उकळतो, म्हणून तो दाबाखाली किंवा अतिशय थंड ठेवला तरच द्रवरूप राहतो. त्याचा वायू हवेच्या ०.६ पट वजनाचा; गळला तर वर निघून जाईल, असे वाटते. हा समज जिवावर बेततो. फुटलेल्या टाकीतून निघणारा गार, तुषारांनी भरलेला ढग जमिनीलगतच सरकतो. पाण्याची त्याला विलक्षण ओढ, त्यामुळे ओले डोळे, घसा आणि फुप्फुसे आधी भाजतात. त्याच ओढीचा फायदा घेत अग्निशमन दल ढगावर पाण्याची फवारणी करते. सांडलेल्या द्रवावर मात्र पाणी ओतायचे नाही. तो अधिकच जोरात उकळतो.

वास येताच वाऱ्याला आडवे चालत दूर जा, नाकातोंडावर ओले फडके धरा. डोळ्यांत गेल्यास न चोळता किमान १५ मिनिटे साध्या पाण्याने धुवा आणि थेट दवाखाना गाठा.