सुडोकू रचणारे हात

गेल्या महिन्यात आमच्या वृत्तपत्राने सुडोकू काढून टाकले आणि तिथे ॲपचा क्यूआर कोड छापला. तेव्हापासून सुडोकूचा सगळा प्रवास डोक्यात घोळतो आहे.

गणितज्ञ ऑयलरचे लॅटिन चौरस, एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच वृत्तपत्रांतली अंककोडी हा झाला पूर्वेतिहास. आजचे कोडे रचले ते हॉवर्ड गार्न्स या अमेरिकन वास्तुविशारदाने. 1979 मध्ये डेल या अमेरिकन प्रकाशनसंस्थेच्या मासिकात ते ‘नंबर प्लेस’ म्हणून आले, पण कर्त्याचे नाव छापलेच नाही. 1989 मध्ये गार्न्स गेले. 2021 मध्ये जपानी प्रकाशक माकी काजी वारले तेव्हा ‘सुडोकूचे जनक’ हा मान त्यांना दिला गेला, तो खरा गार्न्स यांचा.

काजींचे मोठेपण वेगळे आहे. 1984 मध्ये त्यांच्या ‘निकोली’ या प्रकाशनसंस्थेने हे कोडे जपानात आणले. पुढे नियम केला: दिलेले आकडे 32 पेक्षा जास्त नकोत आणि त्यांची मांडणी सममित हवी. शिवाय कोडे माणसानेच रचायचे.

याउलट वेन गूल्ड या निवृत्त न्यायाधीशांनी सहा वर्षे खपून कोडी तयार करणारा संगणक प्रोग्राम लिहिला. त्यांच्यामुळेच 12 नोव्हेंबर 2004 रोजी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये सुडोकू आले आणि बघता बघता जगभर पोचले. पुढचे दशक आमचे! लोकलमध्ये घडी घातलेला पेपर, कोपऱ्यात बारीक पेन्सिलीने लिहिलेले संभाव्य आकडे, शेजारच्याचे न राहवून ‘इथे सात येईल’ म्हणणे. 2008 ची जागतिक स्पर्धा तर गोव्यात झाली; थॉमस स्नायडर जिंकला.

पण त्याच दशकात कोड्याची हेळसांडही सुरू झाली. एका दैनिकाने दोन उत्तरे निघणारे सुडोकू छापले. मी पत्र लिहिले, तर ‘कोडेच तर आहे’ असे उत्तर आले. त्याचा राग अजून गेलेला नाही. उत्तर एकच हवे, हा सुडोकूचा प्राण आहे. चांगल्या रचनेत मधल्या चौकटीत सातला एकच घर उरते, तो भरला की उजवीकडचा तीन सापडतो, आणि ही वाट कुणीतरी आपल्यासाठी आखली आहे हे जाणवते. ॲपमध्ये घड्याळ पळत असते, अडलो की जाहिरात पाहून आयता आकडा मिळतो. त्यात विचार कुठे राहिला?

संपादकांनी रविवारी तरी हाताने रचलेले एक सुडोकू छापावे, खाली रचणाऱ्याच्या नावासकट. स्पर्धांसाठी अशी कोडी रचणारी माणसे भारतात आजही आहेत.