बांधातला मुठा



१ जूनपासून ३१ जुलैपर्यंत समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद असते. मिरकरवाड्याच्या बंदरात होड्या नांगरून पडतात आणि जाळ्यातली चिंबोरी बाजारात दिसेनाशी होते. नेमक्या त्याच दिवसांत तुमच्या खाचरात मुठे निघतात.

चिंबोरी काय, मुठा काय, दोघे खेकडेच. पाय दहा, त्यांतल्या पुढच्या दोन नांग्या. पायांचे सांधे आडवे दुमडतात, म्हणून चाल तिरकी. अंगावरचे कवच वाढत नाही; अंग वाढले की खेकडा जुने कवच टाकतो आणि नवे कडक होईपर्यंत बिळात दडून बसतो. त्या वेळी त्याच्या अंगात मांस कमी, पाणीच जास्त. अमावस्येची चिंबोरी भरलेली आणि पौर्णिमेची पोकळ, असे आपल्याकडे म्हणतात. चंद्राचा हिशेब काही असो, कवचाचा हिशेब खरा. घेताना पोटाकडची बाजू अंगठ्याने दाबून बघा. दबली तर ती पोकळ समजा.

खेकड्यांच्या टोपलीला झाकण लागत नाही, एक वर चढला की दुसरा त्याला खाली ओढतो, ही गोष्ट आपण मराठी माणसे स्वतःवरच सांगून हसतो. खेकड्याच्या मनात मत्सर वगैरे काही नसतो. हाताला लागेल ते धरायचे, एवढेच त्याला ठाऊक.

दोघांत मोठा फरक आहे तो पिलांचा. खाडीतली चिंबोरी अंडी सोडायला समुद्राकडे जाते. तिची अंडी लाखांनी असतात, पिले पाण्यात तरंगत वाढतात आणि त्यांतली फार थोडी जगतात. मुठ्याच्या मादीची अंडी मोजकी, पण मोठी. ती पोटाखालच्या झापेत धरून ठेवते आणि त्यातून थेट इवलेसे खेकडेच बाहेर येतात. झाप रुंद व गोल असेल तर मादी, अरुंद व टोकदार असेल तर नर. पिले घेतलेली मादी सापडली तर तिला शेतापासून दूर, पऱ्यात सोडून द्या. तिच्यासारख्या माद्या संपल्या तर पऱ्यातले मुठे पुन्हा वाढायला फार दिवस लागतात.

आता नुकसानीचे. मुठा कोवळी रोपे बुडाशी कातरतो हे खरे, पण त्याहून वाईट म्हणजे तो बांध पोखरतो. रात्री एक बीळ आरपार गेले की सकाळी खाचर रिकामे, आणि घातलेले खतही पाण्याबरोबर खालच्या शेतात. म्हणून लावणीनंतर रोज सकाळी बांधावरून एक फेरी मारा. तोंडाशी ओल्या मातीच्या ताज्या गोळ्या दिसल्या तर बीळ वापरातले आहे. नुसते गवत कोंबून भागत नाही. वरून बंद दिसते, आतून पाणी चालूच राहते. बीळ थोडे उकरा, मुठा काढा आणि पाणी साठलेल्या बाजूने मळलेली चिकण माती दगडाने ठोकून बसवा.

२ जुलै २०१९ च्या रात्री आपल्याच जिल्ह्यात, चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले. वीसच्या आसपास माणसे गेली. तेव्हाचे जलसंधारण मंत्री तानाजी सावंत यांनी दोष खेकड्यांवर ठेवला आणि राज्यभर त्याची टर उडाली. धरण गळते आहे हे गावकऱ्यांनी आधीच सांगितले होते. खेकडा माती पोखरतो यात नवल काही नाही. गळती दिसल्यावर ती कोणी बुजवली, हा खरा प्रश्न. वावभराच्या बांधालाही तोच लागू.

बिळात कीटकनाशक ओतण्याची खोड मात्र सोडा. ते औषध पाण्याबरोबर पऱ्यात उतरते, मासे मरतात, आणि मेलेला मुठा बगळ्याच्या नाहीतर कोंबडीच्या पोटात जातो. शेजारच्या घरी त्याच रात्री मुठ्यांचे कालवण शिजत असेल, तेही ध्यानात घ्या. त्यापेक्षा पहिल्या पावसात रात्री बत्ती घेऊन धरलेले मुठे बरे. शेतही सुटते आणि कालवणही होते.

मुठे कुटून, रस गाळून कालवण करतात. तो रस चांगला खदखदून उकळला पाहिजे. गोड्या पाण्यातल्या कच्च्या खेकड्यातून फुप्फुसात कृमी जाऊ शकतो आणि क्षयासारखा खोकला लागतो. कुटलेला पाटा-वरवंटाही गरम पाण्याने धुवा, मगच त्यावर चटणी वाटा.