कालवं : खाडीची गाळणी

कालवं म्हटलं की कोकणातल्या बाईला आठवते ती ओहोटी, हातातली कोयती आणि खडकांवर वाकून वाकून धरलेली कंबर. घाटावरच्या मैत्रिणींनी मात्र ती कदाचित पाहिलीही नसतील. खाडीतल्या खडकाला जन्मभर चिकटून राहणारा हा शिंपला. आपण त्याचं झणझणीत सुकं करतो आणि विसरून जातो. पण हाच जीव बसल्या जागी खाडीचं पाणी गाळत असतो, हे किती जणींना ठाऊक आहे?

कालव पाणी आत ओढतं, त्यातलं बारीक शेवाळ खातं आणि पाणी बाहेर सोडतं. नको असलेल्या गाळाच्या चिकट गोळ्या करून तळाशी टाकतं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं एक मोठं कालव सगळं अनुकूल असेल तर दिवसाला १९० लिटरपर्यंत पाणी गाळू शकतं. म्हणजे जवळजवळ एक पिंप! सांडपाणी खाडीत गेलं की त्यातल्या नत्रावर शेवाळ माजतं, ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासळी गुदमरते. कालवं हे शेवाळ वेळीच फस्त करतात. शिवाय एकावर एक वाढून त्यांचा बांध होतो, त्याच्या कपारीत छोटी मासळी आणि खेकडे आसरा घेतात.

न्यूयॉर्कच्या बंदरात १६०९ मध्ये हेन्री हडसनचं जहाज आलं, तेव्हा तिथे सुमारे २ लाख २० हजार एकरांवर असे बांध होते, असा अंदाज आहे. पुढे लोकांनी कालवं उपसली, शिंपले चुन्याच्या भट्टीत गेले आणि शहराची घाण पाण्यात गेली. १९२७ मध्ये विक्रीसाठी कालवं काढण्याचा शेवटचा पट्टाही प्रदूषणामुळे बंद झाला.

१९७२ च्या कायद्याने सांडपाण्याला चाप बसला. पाणी हळूहळू सुधारलं, पण कालवं काही पूर्वीसारखी परतली नाहीत. कारण साधं आहे. कालवाचं पिल्लू दोन-तीन आठवडे तरंगतं, मग त्याला बसायला टणक जागा हवी, जुना शिंपला मिळाला तर उत्तमच. तळाशी नुसता चिखल! पाहुण्याला पाटच नाही, तर बसणार कुठे?

म्हणून २०१४ मध्ये तिथे ‘बिलियन ऑयस्टर प्रोजेक्ट’ सुरू झाला. २०३५ पर्यंत १०० कोटी कालवं बंदरात वसवायची, हे ध्येय. आणि गंमत म्हणजे सुरुवात होते हॉटेलांच्या खरकट्यातून! गिऱ्हाइकांनी खाल्लेल्या कालवांचे शिंपले गोळा करून गव्हर्नर्स बेटावर ढीग घालतात. वर्षभर ऊन-पाऊस खाऊन ते स्वच्छ झाले की टाक्यांत त्यांच्यावर पिल्लं बसवतात आणि मग ते पाण्यात उतरवतात. बेटावरच्या ‘हार्बर स्कूल’ची मुलंमुली हे काम शिकतात आणि करतातही. आजवर १० कोटींहून जास्त कालवं वसवून झाली आहेत.

मात्र ही कालवं खायची नाहीत. मोठा पाऊस झाला की आजही तिथलं गटाराचं पाणी बंदरात उतरतं, आणि कालव जे गाळतं त्यातलं काही त्याच्या अंगातही राहतं. घर झाडणारी बाई आहे म्हणून घरच्यांनी कचरा टाकतच राहावा, असं थोडंच असतं?

माझी आत्या अजून ओहोटीला जाते. वरच्या अंगाला नवी वस्ती झाली, तिचं गटार थेट खाडीत आलं, आणि आत्याने त्या बाजूची कालवं काढणं सोडलं. पाण्याचा वासच तिला पुरला. आता डबा अर्धाच भरतो, म्हणजे कमाईही अर्धीच.

आपल्याकडे २०१७ मध्ये राज्य सरकारने कांदळवनांसाठी उपजीविकेची योजना आणली, तिच्यात कालवं पालनही आहे. सिंधुदुर्गात बचत गटांच्या बायकांनी ते करून दाखवलंय. ही कालवं विक्रीसाठी काढली जातात, त्यामुळे तो कायमचा बांध नव्हे. पण पाणी नासलं तर पहिला फटका आपल्यालाच बसणार, हे त्या बायकांना पक्कं कळतं.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या ग्रामसभेत किंवा वॉर्डाच्या बैठकीत एक प्रश्न जरूर विचारा : आपलं गटार नेमकं कुठे जाऊन पडतं? उत्तर ‘खाडीत’ किंवा ‘नदीत’ असेल, तर पुढचा प्रश्नही विचारा : ते गाळून सोडायची सोय कधी होणार? कालवं त्यांच्या वाटणीचं काम करतातच. उरलेलं आपल्याला करून घ्यायचंय.