नाळेतलं रक्त बँकेत ठेवायचं का?

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, तपासणीला गेलेल्या गरोदर आईच्या हातात हल्ली कधी कधी एक चकचकीत माहितीपत्रक येतं, मग दवाखाना नगरचा असो, संगमनेरचा असो की श्रीरामपूरचा. 'बाळाच्या नाळेतलं रक्त जपा, पुढे ऐंशी आजारांवर कामी येईल, पैसे हप्त्याने भरा.' आई-वडील बिचारे घाबरतात. नाही म्हटलं तर बाळाचं काही चुकवतोय की काय, असं वाटतं. पालकसभेत हा प्रश्न आपल्यापर्यंतही येतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पूर्वी वार-नाळ पुरून टाकायचे. त्याच नाळेतल्या रक्तात मूलपेशी, म्हणजे स्टेम सेल असतात. त्यांच्यापासून तांबड्या, पांढऱ्या सगळ्या रक्तपेशी तयार होतात. 1988 साली पॅरिसमध्ये डॉ. एलियान ग्लुकमन यांनी हे रक्त वापरून पहिलं प्रत्यारोपण केलं. फॅन्कोनी अॅनिमिया झालेल्या लहान मुलाला नव्याने जन्मलेल्या बहिणीच्या नाळेतलं रक्त दिलं. इथेच थांबून बघा: रक्त बहिणीचं होतं, त्याचं स्वतःचं नव्हतं. थॅलेसेमियासारखा दोष जनुकातच असतो, तो बाळाच्या स्वतःच्या मूलपेशींतही असणारच. मग स्वतःचं साठवलेलं रक्त त्या आजारावर कसं चालेल? ऐंशी आजारांची यादी खोटी नाही, पण त्यातल्या बहुतेक ठिकाणी दुसऱ्याचं रक्त लागतं. माहितीपत्रकात ही ओळ बारीक अक्षरात असते, किंवा नसतेच.

भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने 2018 साली सांगितलं, की पहिल्या वीस वर्षांत स्वतःचं रक्त स्वतःला लागण्याची शक्यता अडीच हजारांत एक ते दोन लाखांत एक इतकी कमी आहे. आयसीएमआरही 'विमा' म्हणून खासगी बँकेत रक्त ठेवायची शिफारस करत नाही. मात्र घरात आधीच एखादं मूल थॅलेसेमिया किंवा तशा आजाराचं असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे पुढच्या बाळाचं रक्त खरंच जीव वाचवू शकतं. अशा घराने रक्तविकारतज्ज्ञांना प्रसूतीच्या आधीच भेटावं.

तरीही बँक निवडायची असेल तर प्रतिनिधीला नीट विचारा. औषध नियंत्रकांचा परवाना आहे का? आजवर किती नमुने प्रत्यक्ष उपचारासाठी बाहेर गेले? साठवलेले किती हे विचारू नका, तो आकडा मोठाच सांगतात. आमच्या बाळाच्या नमुन्यात पेशी किती निघाल्या, याचा लेखी अहवाल मिळेल का? कमी निघाल्या तर पैसे परत मिळतील का? कंपनी बंद पडली तर नमुना कोणाच्या ताब्यात जाईल? रक्त साधारण 48 तासांत प्रयोगशाळेत पोहोचावं लागतं. अकोल्यात रात्री दोनला बाळंतपण झालं, तर ते न्यायला कोण येणार?

साठवण उणे 196 अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये वर्षानुवर्षं करायची असते. सिंगापुरात 2023 साली कॉर्डलाइफ या बँकेतल्या टाक्यांचं तापमान बिघडल्याचं तिथल्या आरोग्य मंत्रालयाला आढळलं. एकाच टाकीत सुमारे 2,200 कुटुंबांचे नमुने खराब झाले होते. इतक्या शिस्तीच्या देशात हे झालं, म्हणून देखरेखीचं विचारायला लाजू नका.

आणखी एक, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. जन्मल्यावर नाळ लगेच न कापता एक ते तीन मिनिटं थांबावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेवढ्या वेळात नाळेतलं रक्त बाळाच्याच अंगात जातं, पुढचे काही महिने लोह पुरतं. आपल्याकडे अॅनिमिया किती मुलांत दिसतो, हे शाळेच्या आरोग्य तपासणीत आपण बघतोच. बँकेसाठी जास्त रक्त हवं म्हणून नाळ घाईने कापली, तर तेवढं बाळाच्या वाट्यातून जातं. डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा, की आधी बाळाला मिळू दे, उरलं तर बघू.