अनोळखी संगणकांचें स्वागत



गेल्या वर्षीं आपल्या शाळेस ४० वापरलेले संगणक देणगीदाखल मिळाले, हें तुम्हांस ठाऊकच आहे. देणाऱ्यांनीं त्यांच्या डिस्क पुसून दिल्या होत्या. त्यामुळें एकाही संगणकांत ऑपरेटिंग सिस्टीम नव्हती. प्रत्येकापुढें बसून ती पेनड्राइव्हनें चढवावयाची, तर कित्येक सायंकाळी त्यांतच गेल्या असत्या. म्हणून नेटवर्कच्या केबलींतूनच सर्वांस सुरू करण्याचा मार्ग आम्हीं पत्करिला. तो मार्ग कसा आहे, आणि त्यावर आमचें पाऊल कोठें चुकलें, हें सांगण्याचा या लेखाचा हेतु आहे.

बोर्डिंगांत नवा मुलगा येतो, तेव्हां आपली खोली कोणती हें त्यास ठाऊक नसतें, व सुपरिंटेंडेंट कोठें बसतात हेंही ठाऊक नसतें. तो अंगणांत उभा राहून हांक मारतो. सुपरिंटेंडेंट वही पाहून एक रिकामी खोली सुचवितात; मुलगा 'तीच द्या' म्हणतो; मग वहींत नोंद होऊन ती खोली त्याची ठरते. रिकाम्या डिस्कचा संगणक असेंच करितो. त्याच्या नेटवर्क कार्डाबरोबर पीएक्सई नांवाचा लहानसा प्रोग्राम असतो. तो साऱ्या नेटवर्कास उद्देशून 'मला पत्ता कोण देईल?' असा पुकारा करितो. डीएचसीपी सर्व्हर एक पत्ता देऊं करितो, संगणक तो मागतो, आणि सर्व्हर होकार देतो. असे हे ४ निरोप होत. याची पूर्वज जी बूटपी नांवाची पद्धति, ती १९८५ सालची. डीएचसीपी १९९३ सालीं तिच्याच पायावर उभी राहिली.

पत्त्याबरोबर सर्व्हर आणखी दोन गोष्टी कळवितो: आरंभींची फाइल कोणत्या सर्व्हरवर आहे, आणि तिचें नांव काय. टीएफटीपी नांवाच्या साध्या पद्धतीनें संगणक ती फाइल आणतो, आणि पुढील सामग्री त्या फाइलीच्या साहाय्यानें येते.

आतां प्रश्न अनोळखी संगणकांचा. प्रत्येक नेटवर्क कार्डास १२ चिन्हांचा मॅक क्रमांक असतो. या क्रमांकांची यादी जवळ असली, तर 'यादींतल्यांसच आंत घे,' असें सर्व्हरास सांगतां येतें. आमच्याजवळ यादी नव्हती. म्हणून येईल त्यास पत्ता देण्याची मोकळीक आम्हीं ठेविली. त्यासाठीं तीन गोष्टी संभाळाव्या लागल्या. पहिली, पत्त्यांची संख्या. एकच संगणक आरंभीं पीएक्सईच्या ओळखीनें व नंतर ऑपरेटिंग सिस्टीमच्या ओळखीनें असे दोन पत्ते घेऊं शकतो. यास्तव आम्हीं १९२.१६८.१०.५० पासून १९२.१६८.१०.२०० पर्यंत १५१ पत्ते राखिले, व ते परत मिळण्याची मुदत थोडी ठेविली. दुसरी, संगणकांची जात. जुन्या बायोस यंत्रांची फाइल वेगळी व नव्या यूईएफआय यंत्रांची वेगळी. एकीची दुसरीस चालत नाहीं. सुदैवानें संगणक पहिल्या पुकाऱ्यांतच आपली जात सांगतो, व ती पाहून योग्य फाइल देण्याची आज्ञा सर्व्हरास करितां येते. तिसरी, एका अंगणांत दोन सुपरिंटेंडेंट नसावेत. शाळेच्या राउटरांतही पत्ते वांटणारा प्रोग्राम होता. दोघांनीं उत्तरें दिलीं, तर संगणकास कधीं एकाचा पत्ता मिळे, कधीं दुसऱ्याचा. म्हणून आम्हीं आपला स्विच सर्वस्वीं निराळा ठेविला.

एवढें करून आम्ही निर्धास्त झालों, आणि तेथेंच चुकलों. वेळ वांचावा म्हणून, संगणक आला कीं कांहीं न विचारतां डिस्क पुसून ऑपरेटिंग सिस्टीम चढवावी, अशी आज्ञा आम्हीं लिहून ठेविली होती. दोन दिवसांत ३१ संगणक तयार झाले. तिसऱ्या दिवशीं आमचे एक सहशिक्षक लॅपटॉप घेऊन तेथें बसले, व इंटरनेट मिळेल या समजुतीनें त्यांनीं आमच्याच स्विचची केबल जोडून तो सुरू केला. त्या लॅपटॉपांत नेटवर्कवरून सुरू होण्याचा क्रम पहिला होता. सर्व्हरानें त्यास पत्ता दिला, फाइल दिली, आणि डिस्क पुसली. नववीच्या सहामाहीचे गुण त्याच डिस्कवर होते व दुसरीकडे प्रत नव्हती. ते आम्हांस एक शब्दही बोलले नाहींत. परंतु दोन रात्री उत्तरपत्रिका पुन्हां उघडून त्यांनीं गुण भरले, व आम्ही शेजारीं बसून बेरजा केल्या. सर्व्हराचा कांहींच दोष नव्हता. आम्हीं सांगितलें होतें तेंच त्यानें केलें.

त्या दिवसापासून अनोळखी संगणकास आम्ही पत्ता देतों, पण आज्ञा देत नाहीं. त्याच्या पडद्यावर एक यादी येते. तिची पहिली ओळ 'आपल्याच डिस्कवरून सुरू व्हा' ही असते. दहा सेकंद कोणीं कांहीं निवडलें नाहीं, तर तीच ओळ अमलांत येते. पुसण्याची आज्ञा नोंदलेल्या मॅक क्रमांकांसच मिळते. ही नोंद करणेंही अवघड नाहीं; कारण संगणकाच्या पहिल्याच पुकाऱ्यांत त्याचा क्रमांक असतो, व सर्व्हर तो टिपून ठेवितो. टिपलेला क्रमांक संगणकावरील चिठ्ठीशीं ताडून पाहावा व मगच वहींत चढवावा, असा आमचा आतां नियम आहे. उरलेले ९ संगणक याच रीतीनें तयार झाले.

पालकांस व विद्यार्थ्यांस दोन विनंत्या आहेत. आपल्या संगणकांत सुरू होण्याचा क्रम पाहून ठेवावा. पहिलें स्थान त्याच्या स्वतःच्या डिस्कचें असावें. आणि जें गमावलें असतां दोन रात्री जागावें लागेल, त्याची दुसरी प्रत आजच करून ठेवावी.