'जांब' शोधलं आणि जांबुवंत सापडला

जालना जिल्ह्यातलं जांब समर्थ हे रामदासस्वामींचं जन्मगाव. गावाविषयीच्या आणि समर्थांविषयीच्या पुस्तकांची सूची एखाद्या वाचनालयाने मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेस किंवा लिब्रेऑफिस बेसमध्ये भरली आहे, असं समजू. नोंदी भरणं कंटाळवाणं असलं तरी सरळ काम. घोळ होतो तो फिल्टर लावल्यावर.

गैरसमज : 'जांब' लिहिलं की जांबच्या सगळ्या नोंदी येतात.

बरोबरच्या चिन्हाने शोधलंत, तर रकान्यात नेमकं 'जांब' एवढंच असेल तीच नोंद येते. 'जांब समर्थ', 'मौजे जांब' बाहेर राहतात. शब्द कुठेही आला तरी हवा असेल, तर 'लाइक' वापरून दोन्ही बाजूंना खूण लावायची : अ‍ॅक्सेसमध्ये एरवी *, बेसच्या एसक्यूएलमध्ये %.

पण मग *जांब* मध्ये जांबुवंतही येतो! *रामदास* शोधलं तर रामदास फुटाण्यांच्या कविता येतात आणि समर्थांचे थोरले बंधू गंगाधर, म्हणजे रामीरामदास, तेही हजर होतात. संगणक अक्षरं जुळवतो. माणूस कोण, गाव कोणतं, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. उलट 'नारायण सूर्याजी ठोसर' अशी नोंद असेल, तर ती समर्थांचीच असूनही सुटते. 'जाम्ब' असं लिहिलेलंही सुटतं, कारण अनुस्वार आणि जोडाक्षर यांचे संकेतांक वेगळे. यावर उपाय एकच, लेखकाचं आणि गावाचं ठरलेलं नाव वेगळ्या रकान्यात ठेवणं. छापील नाव जसंच्या तसं दुसऱ्या रकान्यात राहू द्यावं.

जिल्ह्याचंही तसंच. जालना जिल्हा झाला 1 मे 1981 रोजी. त्याआधीच्या पुस्तकांत जांब औरंगाबाद जिल्ह्यात असतं, आज घनसावंगी तालुक्यात असलेलं हे गाव तेव्हा अंबड तालुक्यात दिसतं. 'जालना' असा फिल्टर लावणाऱ्याला जुनी पुस्तकं दिसणारच नाहीत, आणि बहुधा हीच पुस्तकं जास्त मोलाची असतात.

गैरसमज : 'अंबड आहे' आणि 'अंबड नाही' मिळून सगळ्या नोंदी होतात.

होत नाहीत. तालुक्याचा रकाना रिकामा असेल, तर ती नोंद दोन्हीकडे येत नाही. रिकामं म्हणजे 'माहीत नाही', आणि जे माहीत नाही ते अंबड नाही असं संगणक म्हणत नाही. अशा नोंदींसाठी 'इज नल' ही अट वेगळी लावावी लागते. बेरीज जुळत नसेल तर मी आधी इथेच बघतो.

गैरसमज : वर्ष मजकूर म्हणून भरलं तरी चालतं.

मजकुराच्या रकान्यात '95' हे '1608' पेक्षा मोठं ठरतं, कारण तुलना डावीकडच्या पहिल्या अक्षरापासून होते. त्यात शक आणि इसवी सनाची सरमिसळ झाली की काही खरं नाही. समर्थांचा जन्म इ.स. 1608 चा, म्हणजे शके 1530. निर्वाण शके 1603 चं, म्हणजे इ.स. 1682. आता '160*' लावून पाहा : जन्माची इसवी आणि निर्वाणाचा शक शेजारी शेजारी येऊन बसतात. वर्ष अंकांच्या रकान्यात, एकाच कालगणनेत भरावं. पुस्तकावरचा शक हवाच असेल तर त्याला निराळा रकाना द्यावा.

गैरसमज : फिल्टर लावल्यावर नोंदी पुसल्या जातात.

नाही, फक्त लपतात. फिल्टर काढला की परत दिसतात. मात्र फिल्टर लावलेला असताना एकूण नोंदी मोजल्या, तर आकडा उरलेल्यांचाच मिळतो.

गैरसमज : मराठी दिसतंय, म्हणजे शोधता येईल.

जुन्या फॉन्टमध्ये टंकलेली कित्येक सूचिपत्रं पडद्यावर मराठी दिसतात, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. फॉन्ट बदलून पाहिला की ती उघडी पडतात. युनिकोडमध्ये 'जांब' लिहून त्यांत कितीही शोधलं, तरी हाती शून्य नोंदी. आधी परिवर्तक वापरून तो मजकूर युनिकोडमध्ये आणायचा, मग जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांनी तपासायचे; परिवर्तक बहुधा तिथेच चुकतो.